फास्ट बोलर मॅट उचलत नाही

बहरीनमध्ये सीफला आता जिथे मॉल आहे, तिथल्या सरकत्या जिन्याच्या आसपास कुठेतरी माझा रनअप सुरू व्हायचा. तिथे गेलो की मी हे बायकोला सांगतो आणि ती दर वेळी म्हणते, "हो, आणि अत्तराच्या दुकानात स्टंप होते. चला आता." तिचंही बरोबर आहे, माणसाने तीच गोष्ट किती वेळा ऐकावी! पण मी सांगायचं सोडत नाही. नव्वदीच्या त्या वर्षांत सीफ म्हणजे समुद्रात भर टाकून केलेली सपाट, भुंडी जमीन होती. गवताचं पातं नाही, झाड नाही. त्या वाळूवर दर शुक्रवारी आम्ही क्रिकेट खेळायचो आणि तिथे मी चांगला फास्ट बोलर होतो. चांगला म्हणजे चांगलाच. नम्रपणा मला कधी जमला नाही आणि आता साठी उलटल्यावर तो शिकायचा विचारही नाही.

मी बहरीनला आलो तोच मुळी खांद्याच्या जोरावर. व्हिसावर लिहिलं होतं 'स्टोअरकीपर'. तुबलीतल्या एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बेअरिंगं, नट-बोल्ट आणि मशीनचे पट्टे सांभाळायचे, हे माझं कागदावरचं काम. खरं काम शुक्रवारी. मुंबईतही माझं असंच चालायचं. परळच्या एका गिरणीने घडी खात्यात माझं नाव लावून ठेवलं होतं आणि गिरणीच्या टीममधून मी ऑफिसांच्या स्पर्धा खेळायचो. घडी खात्यात मी कापडाची एक घडी घातली असेन तर शपथ. पुढे गिरणी थंडावली, तिच्याबरोबर टीमही गेली. मग एका औषध कंपनीने दोन सीझन टेम्पररी म्हणून खेळवून घेतलं आणि नारळ दिला. तेव्हा माझं वय अठ्ठावीस, मुलगी पाळण्यात.

त्याच उन्हाळ्यात तुबलीच्या वर्कशॉपचा इंजिनिअर सुट्टीवर आला होता. पुण्याचा माणूस, मोजून बोलणारा, आणि तिकडच्या कंपनी टीमचा कॅप्टन. मैदानाच्या कडेला उभं राहून त्याने माझ्या चार ओव्हर पाहिल्या आणि जवळ येऊन विचारलं, "पासपोर्ट आहे का?" एवढीच माझी मुलाखत.

तिथल्या पिचबद्दल आधी सांगायला हवं. रोलर फिरवून घट्ट केलेली मातीची पट्टी, तिच्यावर काथ्याची लांबलचक मॅट अंथरायची, चारी बाजूंनी ताणायची आणि वीतभर लांब लोखंडी खिळे ठोकून बसवायची. मॅच संपली की खिळे उपटायचे, मॅट गुंडाळायची आणि पिकअपमध्ये टाकून तुबलीला परत. गुंडाळी एवढी जड की दोन माणसांना घाम फुटे. आमच्या टीमचा रिवाज असा, की जो सगळ्यांत नवा असेल किंवा सगळ्यांत वाईट खेळत असेल त्याने मॅट उचलायची. पहिल्या शुक्रवारी सगळ्यांत नवा मीच होतो. कोणीतरी मला गुंडाळीचं टोक दाखवलं. मी किटबॅग खांद्यावर टाकली आणि म्हणालो, "फास्ट बोलर मॅट उचलत नाही."

माझ्या नशिबाने त्या दिवशी सहा विकेट पडल्या, नाहीतर पुढच्या शुक्रवारी मला कोणी पाणीसुद्धा दिलं नसतं. त्यानंतर मला मॅटबद्दल कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी ते टोक ज्यांनी मुकाट्याने उचललं ते आमचे चाचा. दापोलीकडचे, वर्कशॉपच्या लेथवर वीस वर्षं काम केलेले, पन्नाशी ओलांडलेले. मॅटची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. खिळेसुद्धा त्यांनीच लेथवर घडवलेले, एकसारखे, डोक्याशी चपटे. आयुष्यात त्यांनी एक चेंडू टाकला नव्हता की बॅट हातात धरली नव्हती. मला वाटायचं, बिचाऱ्याला दुसरं काही येत नाही म्हणून मॅटचं काम दिलंय. तेव्हा मला असं पुष्कळ काही वाटायचं.

पहिले तीन सीझन मी राजा होतो. सकाळी दवाने ओली झालेली मॅट ढोलासारखी ताठ असायची आणि माझा चेंडू तिच्यावरून बॅट्समनच्या बरगड्यांवर यायचा. समोरचा ओपनर गार्ड घेताना दोनदा हेल्मेट चाचपायचा, ते पाहायला मला फार आवडे. आमचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणायचे, पांढऱ्याशुभ्र झग्यात खुर्ची टाकून बसायचा. क्रिकेट त्याला शून्य कळे. त्याला फक्त स्टंप उडालेला कळायचा. स्टंप उडाला की तो दोन्ही हात वर करून "खलास!" म्हणून ओरडे आणि मॅच संपल्यावर मला जवळ बोलावून विचारे, "आज कितना लकडी गिराया?" मी बोटं दाखवायचो. दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या टेबलावर खजुराचा डबा येऊन पडलेला असायचा.

बायको आणि मुलगी फॅमिली व्हिसावर आल्या. मुहर्रकमध्ये एका जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना बोलणं थांबवावं लागे. भांडणसुद्धा मध्येच थांबायचं आणि विमान गेल्यावर काय बोलत होतो तेच आठवायचं नाही. आमचा संसार टिकला त्यात त्या विमानांचा मोठा वाटा आहे असं बायको म्हणते. मुलगी इंग्लिश शाळेत जायला लागली. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. शाळेतून येताना भेटेल त्याला ती सांगायची, "माय बाबा इज अ फास्ट बोलर." खालच्या किराणा दुकानदाराला सांगून झालं, इस्त्रीवाल्याला सांगून झालं. मी वरवर म्हणायचो, "अगं, पुरे." मनातून वाटायचं, सांग, अजून दोघांना सांग.

चौथ्या सीझनला खांदा गेला. एक दिवसात गेला नाही. आधी रात्री कुशीवर झोपता येईना. मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी चेंडू सोडताना आत काहीतरी कापड फाटल्यासारखं झालं आणि हात खाली आला तो वर जायलाच तयार नाही. मी कोणाला सांगितलं नाही. स्वेटर घालून फिरलो, चहा डाव्या हाताने प्यायलो. ऑफिसात सगळे फसले. घरी तिसऱ्याच दिवशी बायको आरशासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, डाव्या हाताने भांग का पाडताय?"

"सवय लावतोय."

"कसली? वेड्यासारखं दिसायची?" असं म्हणून तिने कंगवा माझ्या हातातून घेतला आणि माझे केस विंचरले. तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्तीला घेऊन येणारा एक अमेरिकन होता. तो कधीमधी मैदानावर यायचा आणि बेसबॉलच्या भाषेत मला 'पिचर' म्हणायचा. मला खांदा धरून बसलेलं त्याने पाहिलं आणि विचारलं, एका दिवसात चेंडू किती टाकतोस? मी म्हणालो, कॅप्टन म्हणेल तितके. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, आमच्याकडे पिचरचा एकेक चेंडू मोजतात, खेळ झाला की खांदा बर्फात ठेवतात, मग चार दिवस हात लावू देत नाहीत. मला आधी हसू आलं. मग गिरणीतली, औषध कंपनीतली, इथली, सगळी वर्षं आठवली आणि हसू गेलं. माझे चेंडू कोणीच मोजले नव्हते, मीसुद्धा.

दुखऱ्या खांद्याने मी तो सीझन रेटला. माझा चेंडू आता विनंती केल्यासारखा जायचा आणि कालची पोरं मला पुढे येऊन मारायची. अरबाबचे हात मांडीवरच असायचे. खजुराचा डबा बंद झाला. पुढच्या ऑक्टोबरात केरळचा एक नवा फास्ट बोलर आला. उंच, चिवट आणि वीस-बावीस वर्षांचा. त्याच्या व्हिसावर 'वेल्डरचा हेल्पर' होतं. त्याला वेल्डिंग किती येत असेल ते मला विचारायची गरज नव्हती.

कॅप्टनने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, म्हणजे गोष्ट वाईट होती.

"खरं सांगतो, राग मानू नकोस," तो म्हणाला. "मार्चअखेर तुझा व्हिसा संपतोय. रिन्यूचा फॉर्म माझ्याकडे येईल, पण सही अरबाबची. तो मला विचारणार, हा माणूस कशासाठी ठेवायचा? मी काय सांगू?"

"मी स्टोअरकीपर आहे ना, साहेब."

स्टोअरमध्ये एक बेअरिंग शोधायला मला अर्धा तास लागतो हे सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं.

"तोपर्यंत टीममध्ये राहा," तो शेवटी म्हणाला. "बारावा म्हणून. आणि मॅटचं तू बघ. चाचांना आता एकट्याने जमत नाही."

त्या शुक्रवारी मी गुंडाळीचं टोक उचललं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो तरी असतो. केरळचा पोरगा किटबॅग खांद्यावर टाकून माझ्या शेजारून गेला, तेव्हा माझे कान तापले. घरी आल्यावर मी बायकोला बजावलं, पोरीला आता मैदानावर आणायचं नाही. कारण विचारलं तर सांग ऊन लागतं.

"आणि मार्चमध्ये घरी जावं लागलं तर काय सांगू? तेही ऊन लागतं म्हणून?" ती म्हणाली. परत जाऊन करायचं काय? बत्तिसाव्या वर्षी, मोडक्या खांद्याचा, एकही घडी न घातलेला घडी खात्याचा माणूस. मुलीची शाळा मध्येच सुटणार, बायकोने जेमतेम बसवलेलं घर उठणार.

पहिले काही शुक्रवार मी रागानेच खिळे ठोकले. चाचा बघत राहायचे. एकदा त्यांनी हातोडा माझ्या हातातून काढून घेतला.

"राग खिल्यावर कशाला काढतोस, बाबा? त्यानं काय केलान तुझा?"

"चाचा, चार वर्षांपूर्वी हे टोक मी तुम्हाला उचलायला लावलं. तुम्ही तेव्हाच मला का नाही झापलंत?"

"मग बॉलिंग कोन करनार व्हता? मी?" ते हसले. मग गुडघ्यावर बसले आणि मॅटवर तळहाताने थाप मारली. "मना बॉलिंग कळत नाय. पन ही कळते. आयक."

मी थाप मारली. टण्ण असा आवाज आला. दुपारी त्यांनी पुन्हा तिथेच थाप मारायला लावली. आता नुसताच भद्द आवाज.

"सकाली दव पडला की ती आखडते," चाचा म्हणाले. "दुपारी उन्हात ढिली पडते. दर्यावरचा दमट वारा आयला की परत आखडते. माझ्या गुडघ्यासारखी हाय."

चार वर्षं मी त्या मॅटवर धावत आलो होतो आणि मला तिचा आवाज माहीत नव्हता. दर शुक्रवारी सकाळी मॅच सुरू व्हायची, मग जुम्माच्या नमाजासाठी आणि जेवणासाठी मोठी सुट्टी, आणि दुपारी दुसरी बाजू बॅटिंग करायची. त्या सुट्टीत मॅट पुन्हा ताणायची हा चाचांचा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. इतर टीमचे मॅटवाले बिर्याणी खाऊन लवंडायचे आणि दुपारच्या बॅट्समनांना ढिली मॅट मिळायची. चाचा नमाजहून परतले की आधी हातोडा, मग जेवण.

मी शिकायला लागलो. वर्कशॉपच्या मागे जुन्या मॅटचा एक तुकडा पडला होता. जेवणाच्या सुट्टीत तो ठोकून मी त्याच्यावर हळू चेंडू टाकायचो. हात कानापर्यंत जात नव्हता, तर खांद्याच्या उंचीवरून टाकला. बोटांनी कापून टाकला, म्हणजे कटर. ढिल्या मॅटवर तो चेंडू काथ्याला धरायचा आणि असा वळायचा की माझं मलाच हसू यायचं. एक गोष्ट शिकताना लाज सुटली तशी दुसरीचीही सुटली. मी स्टोअरमधले सगळे रॅक रिकामे करून नव्याने लावले, प्रत्येक खणावर नाव लिहिलं. बेअरिंग आता डोळे मिटून सापडायचं. फेब्रुवारीत दुसऱ्या टीमच्या ढिल्या मॅटवरच्या दोन छोट्या मॅचमध्ये कॅप्टनने मला दुपारी बोलिंग दिली आणि माझ्या कटरने विकेट काढल्या. लोक म्हणायला लागले, म्हातारा परत आला. बत्तिसाव्या वर्षी म्हातारा!

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी फायनल होती आणि माझा व्हिसा त्यानंतर चार दिवसांनी संपत होता. बुधवारी केरळचा पोरगा एका कामासाठी कॉजवे ओलांडून सौदीला गेला आणि कागदांच्या कसल्यातरी घोळात तिकडेच अडकला. गुरुवारी दुपारी कॅप्टन स्टोअरमध्ये आला.

"उद्या तू खेळतोयस. अरबाबही येणार आहे. फॉर्म त्याच्याच टेबलावर आहे," एवढं सांगून तो गेला. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "उद्या पोरीला घेऊन ये."

सकाळी आम्ही बॅटिंग केली. रन बरे झाले, निश्चिंत होण्याइतके नाहीत. सुट्टी झाली. चाचा आणि निम्मे लोक नमाजाला निघाले. समोरच्या टीमचा कॅप्टन हैदराबादचा होता, तोही निघाला होता. जाता जाता थांबून त्याने मला विचारलं, "मॅट आपही देखते हैं ना? फिर ठीक है." आणि तो मागे वळून न बघता गेला.

मी हातोडा घ्यायला वळलो तर आमचा कॅप्टन समोर.

"आज राहू दे," तो हळूच म्हणाला. "ढिली आहे तशीच असू दे. तुझा कटर ढिलीवरच वळतो. विचारणार कोणी नाही, नियमही नाही. तुझ्याचसाठी सांगतोय."

माझ्याचसाठी सांगत होता, हे खरं होतं. शंभर टक्के खरं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर हातोड्याकडे गेलेला माझा हात मागे आला होता. पण त्या हैदराबादच्या माणसाने मागे वळून पाहिलं नव्हतं. फास्ट बोलर म्हणून मला लोक घाबरले होते, पण माझ्यावर असा विश्वास कोणी टाकला नव्हता.

"साहेब, तुम्ही जेवा," मी म्हणालो आणि गुडघ्यावर बसलो.

त्या दुपारी मी एकट्याने सगळे खिळे उपटले, मॅट ताणली, पुन्हा ठोकली. उजव्या हाताने हातोडा उचलेना, म्हणून डाव्याने. ऊन डोक्यावर होतं. तंबूत बिर्याणीची पातेली उघडली होती आणि अरबाब खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. कंपनीच्या मिनीबसच्या सावलीत बायको आणि मुलगी उभ्या होत्या. जिने शहरभर दवंडी पिटली होती, तिचा फास्ट बोलर बाप वाळूत रांगत होता. मी तिकडे बघायचं टाळलं. चाचा नमाजहून आले, मॅटवर एक थाप मारली, टण्ण आवाज ऐकला आणि जेवायला गेले.

माझ्या पहिल्या तीन ओव्हरची कणीक तिंबली गेली. ताठ मॅटवर कटर वळेच ना. त्यांचा ओपनर पुढचा पाय टाकून मजेत मारत होता. कॅप्टनने चेंडू माझ्या हातातून काढून घेतला आणि जी नजर टाकली तिच्यात सगळं होतं. मी मिडऑनला जाऊन उभा राहिलो. चार दिवस. सामान किती वजनाचं नेता येतं, ते आठवायला लागलो.

अर्धी इनिंग झाली आणि मानेला ओलसर वारा लागला. समुद्राकडून येत होता. ओव्हर संपल्यावर मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने पिचवर वाकलो आणि तळहात मारला. सकाळीही ऐकला नव्हता असा आवाज आला. मी बाउंड्रीकडे पाहिलं. चाचा खुर्चीतून उठले होते आणि हाताचा पंजा उभा धरून सरळ खाली आणून दाखवत होते. सरळ. सरळ टाक.

"साहेब, चेंडू द्या," मी म्हणालो. कॅप्टनने दिला. मला वाटतं, तोवर त्याच्याकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी कटरची बोटं धरली, पळत आलो, आणि चेंडू बोटं न फिरवता सरळ सोडला. ओपनर वळणाची वाट बघत होता. चेंडू आखडलेल्या मॅटवरून सुळकन घसरला आणि त्याच्या पॅडवर आदळला. पायचीत. पुढच्या ओव्हरला अजून एक, तसाच. तिसऱ्याचा मधला स्टंप उडाला. चौथा पुन्हा पायचीत. खांद्यातून कळ येत होती आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. तीच माझी मॅट होती, मी ठोकलेली, आणि कोणत्या मिनिटाला ती काय करील हे त्या मैदानावर दोनच माणसांना ठाऊक होतं. आम्ही थोडक्यात जिंकलो. हैदराबादचा कॅप्टन स्वतः येऊन माझ्या डाव्या हाताशी हात मिळवून गेला. उजवा उचलत नाही हे त्याने बघितलं होतं.

मग अरबाबने बोलावलं. मी चार बोटं दाखवली.

"चार? मफी चार!" तो चिडून म्हणाला, म्हणजे चार नाहीतच. "लकडी एकही गिरा. बाकी तीन टाइम खाली उंगली!"

अंपायरने बोट वर केलं म्हणजे विकेट, हे त्याला कोणी समजावून सांगायचं? मी थकलो होतो. मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, संपलं. ती म्हणाली, "मी तुमचे चारही आउट बघितलेत. जेवून घ्या."

शनिवारी सकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. कॅप्टन उभा होता, अरबाब फॉर्म घेऊन बसला होता.

"ये नफर कल दोपहर को अकेला हातोडा मारता था," तो कॅप्टनला म्हणाला. "सब लोग खाना खाता था. किसने बोला उसको?"

"किसीने नहीं, अरबाब," कॅप्टन म्हणाला. पुण्याचा माणूस, मोजून बोलणारा, पण पुढचं वाक्य त्याने गिळलं नाही. "मैंने तो मना किया था."

अरबाबने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन उघडलं.

"तो फिर स्टोअर का चाबी इसके पास. बोलिंग आया, नहीं आया, मफी मुश्किल. यल्ला, काम करो."

सही झाली. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, माझा तिळपापड झाला. फायनलमध्ये चार विकेट, मोडक्या खांद्याने, आणि व्हिसा मिळाला तो खिळे ठोकल्याबद्दल! घरी येऊन मी तासभर बडबडत होतो. दोन विमानं उतरली, दोन्ही वेळा मी थांबलो आणि दोन्ही वेळा तिथूनच पुढे सुरू केलं. बायको हसून हसून पदराने डोळे पुसत होती. हसतानाच मध्येच तिला खरंच रडू आलं, तेव्हा मी गप्प झालो.

पुढच्या ऑक्टोबरात सीझन सुरू झाला. सौदीहून केव्हाच परतलेला केरळचा पोरगा पहिली ओव्हर टाकणार होता, मी दुपारची. सकाळी मी पिकअपमधून मॅट उतरवायला लागलो तर तो आला, किटबॅग खाली ठेवली आणि न सांगता दुसरं टोक धरलं. चाचा दूर खुर्चीवर पाय लांब करून बसले होते, अगदी साहेबासारखे. मी खिळे ठोकायला बसलो. माझी मुलगी मॅटच्या कडेला उभी होती आणि समोरच्या टीममधल्या कोणाचीतरी मुलगी तिच्याशी बोलत होती. ती म्हणाली, तुझे बाबा बोलर आहेत ना? मग ते हे काय करतायत? मी हातोडा तसाच धरून थांबलो.

"ही बोल्स लेटर," माझी मुलगी तिला समजावत म्हणाली. "फर्स्ट ही मेक्स द मॅट. फॉर बोथ टीम्स. यू कॅन आस्क एनीबडी."

मी मान वर केली नाही. डाव्या हातातला हातोडा उचलून पुढचा खिळा ठोकला आणि तो पहिल्याच घावात सरळ आत गेला.